अकरा हंडे, एक हमाल

लहानपणी तू काय खेळायचीस असं मला कुणी विचारलं, तर मी सरळ सांगते, हमाली. लोकांना वाटतं बाई चेष्टा करतेय. चेष्टा नाही. बजाजनगरात प्रणवच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही तिघं दर रविवारी एक खेळ खेळायचो, आणि त्यात बाकीचे दोघं तलवारी, मंत्र, उडते घोडे यांच्या मागं लागलेले असताना मी माल वाहायच्या जादूच्या वस्तू तयार करत बसायची. त्यासाठी एक दोनशे पानी वही होती. आईला संशय नको म्हणून तिच्यावर मी मोठ्या अक्षरात ‘भूमिती’ लिहून ठेवलं होतं. दहावीचं वर्ष होतं माझं, आणि भूमितीत मी काय दिवे लावले ते पुढं निकालात सगळ्यांना दिसलंच.

खेळ असा होता. प्रणवच्या मावसभावानं पुण्याच्या हॉस्टेलातून त्याला वीस बाजूंचा एक फासा आणि इंग्रजी नियमांच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणून दिला होता. प्रणव गोष्ट सांगणार आणि आम्ही त्या गोष्टीतली माणसं होणार. तो म्हणणार, समोर गुहा आहे, आतून घरघर ऐकू येतेय. आम्ही म्हणणार, आत जातो. मग फासा टाकायचा, आकडा बरा पडला तर जगायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळं तोंडी. फैजान आमच्याच गल्लीतला, तो तलवारबाज शमशेर. मी अग्निशिखा नावाची जादूगारीण. आता हसू येतं, पण ते नाव ठरवायला मला चार दिवस लागले होते. पोळ्याच्या सुमाराला आम्ही गुहेतला अजगर मारला. फैजाननं टाकीवर चढून आरोळी ठोकली, खालून प्रणवच्या आईनं आमचा उद्धार केला. अजगराच्या वेटोळ्याखाली अकरा हंडे सोनं निघालं. आणि प्रणव, मेला नियमांचा किडा, झेरॉक्स चाळून शांतपणे म्हणाला, “दोघं मिळून एक हंडा उचलू शकता. बाकीचे दहा कसे नेणार?”

“अरे यार, खजाना मिला ना! लिख दे, ले गये,” फैजान म्हणाला.

“असं नाही चालत. वजनाचा तक्ता आहे.”

झालं, खेळ तिथंच अडला. नवीन जादूची वस्तू बनवायची मुभा नियमात होती, पण ती प्रणवला पटली पाहिजे, तिच्यात पळवाट नको, आणि तिचा काहीतरी मोबदला द्यावा लागला पाहिजे, फुकटात जादू नाही. फैजान माझ्याकडं वळून म्हणाला, “वैशाली, तेरे अब्बा हमाल है ना? तूच सोच. मेरे कू नै समजता.” त्यात टोमणा नव्हता, पोरगं भाबडं होतं. मला मात्र ते झोंबलं. शाळेत मी वडील कंपनीत आहेत एवढंच सांगायची. कंपनीत म्हणजे कुठं, असं कुणी विचारलं की मी ऐकू न आल्यासारखं करायची.

बाबा वाळूजच्या कारखान्यांच्या भागात एका गोदामात हमाल होते. आठ जणांची टोळी, वर एक मुकादम. आमच्या दोन खोल्या, बाहेर नळ, नळाशेजारी आईनं डब्यात लावलेला गवती चहा. सकाळचा भोंगा व्हायच्या आत आई भाकरी थापून मोकळी झालेली असायची. तव्याचा आवाज, स्टोव्हचा आवाज, आणि मग एक आवाज, जो आजही माझ्या कानात आहे, जुन्या नऊवारीचा पट्टा करकचून आवळल्याचा. बाबा दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभे राहायचे आणि आई त्यांच्या कंबरेभोवती तो पट्टा गुंडाळत जायची, प्रत्येक वेढ्याला गुडघा टेकवून ओढायची. संध्याकाळी तोच पट्टा सुटला की घरभर ओव्याच्या तेलाचा वास. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून आई शेकायची. मी त्या वासात वाढले. सगळ्यांच्याच घरी संध्याकाळी बापाची कंबर शेकतात असं मला वाटायचं, म्हणून मी कधी विचारलंच नाही, की गेल्या उन्हाळ्यापर्यंत पुरचुंडी एक होती, आता दोन का लागतात.

माझी पहिली वस्तू होती एक दोरखंड, ज्याला बांधलं की वजन जातं. जेवताना मी ती बाबांना सांगितली. वास्तविक मला त्यांना काही सांगायचं नव्हतं, पण हंडा माणूस कसा धरतो ते विचारायचं होतं, आणि कारण सांगावं लागलं. येसरची आमटी होती, बाबा भाकरी कुस्करत होते. ते थांबले.

“वजन जातं म्हंजी?”

“म्हणजे राहत नाही. जादूनं जातं.”

“जादूनं जाऊ दे, माझं काय नाय. पन जातं कुठं?”

“कुठं म्हणजे? नाहीसं होतं.”

“वजन नाहीसं व्हत नसतंय, माय,” बाबा म्हणाले. “येवढी वर्षं उचलतोय. इकडून तिकडं जातं. तुज्यावरून गेलं तर दुसऱ्या कुनावर गेलं, येवढंच.”

ते हे काही शिकवण म्हणून बोलले नव्हते. दोरी कुठं कमी पडतेय ते दाखवत होते, सुताराला पाट डुगडुगतोय ते दिसावं तसं त्यांना ते दिसलं होतं. आणि मग रोजच ते व्हायला लागलं. माझ्या बैलाविना चालणाऱ्या गाडीला त्यांनी विचारलं, उतारावर तिला धरणार कोण, चाकामागं दगड कोण लावणार. कितीही भरलं तरी न फुगणाऱ्या पोत्याला तर ते चक्क रागावले. म्हणाले, आत किती हाय ते बाहेरून कळलं पाहिजे, नायतर उचलणाऱ्याची कंबर बसते, असलं पोतं मी आमच्या टोळीत येऊ देणार नाय. मी चिडून म्हणायची, बाबा, ते खोटं आहे! ते म्हणायचे, “खोटं असू दे की. काम तर बराबर पायजे.” माझे वडील माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. मी रविवारी गच्चीवर जाऊन त्यांचे प्रश्न माझेच म्हणून मांडायची आणि प्रणव तोंडात बोट घालायचा.

टोळीत जड पेटी दोघं मिळून उचलतात हे मला तेव्हाच कळलं. जमिनीवरून ट्रकच्या फाळक्यापर्यंत एक फळी लावलेली असते, चढाची. एक जण पुढं होऊन वर चढतो, दुसरा खालच्या बाजूला. बाबांनी ताटात भाकरीचा तुकडा तिरका धरून दाखवलं, की चढावर सगळा भार खालच्यावर येतो. म्हणून पाळी असते. एका खेपेला खाली तू, पुढच्या खेपेला मी. ती कुणाला सांगावी लागत नाही. आणि खालच्यानं भार अंगावर घेतला की तो म्हणतो, ‘घेतलं.’ तो तसं म्हणेपर्यंत वरचा पाऊल उचलत नाही, आणि आजूबाजूला कुणी हात लावलेला असेल तर तोही हात सोडत नाही. मुकादमानं शिव्या दिल्या तरी नाही. बाबांचा जोडीदार होता कचरूकाका. बिडकीनच्या पलीकडच्या एका खेड्यातला, बायको आणि म्हातारी आई गावाकडं, हा इथं चौघांत एका खोलीत. बारीक अंगाचा, मोठ्या कानांचा. चौदा वर्षं ते दोघं एकाच फळीवर होते.

त्यातून माझा जोडपट्टा निघाला. आईच्या नऊवारीचा तो आवळलेला पट्टा मी वहीत काढला, एक लाल आणि एक काळा. लाल पट्टा ज्याच्या कंबरेला, त्याच्यावरचं सगळं वजन काळा पट्टा बांधलेल्या जोडीदारावर जातं, मग तो कितीही लांब असो. अट एकच, जोडीदारानं ‘घेतलं’ म्हटलं पाहिजे. वजन कुठं जातं याचं उत्तर त्यात होतं. मी खूष होते. रविवारी वाचून दाखवलं, तर फैजान म्हणाला, “और सामनेवाला नक्को बोला तो?” प्रणवही म्हणाला, की मग वस्तू कमजोर आहे, कोण कशाला हो म्हणेल. मला राग आला. घरी जाईपर्यंतही दम निघाला नाही, तिथंच टाकीला टेकून मी ‘घेतलं’ची ओळ खोडली आणि लिहिलं, ‘जोडीदाराला कळत नाही. आपण नुसते थकलोय असं त्याला वाटतं. तो रोज थोडा थोडा झिजतो, हाच या जादूचा मोबदला.’ प्रणव म्हणाला, “हे भारी आहे.” माझी वस्तू पास झाली.

मग आम्ही गोष्टीतल्या गावातून एक हमाल आणला. प्रणवनं त्याला नाव दिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्याच्या कंबरेला काळा पट्टा, अग्निशिखेच्या कंबरेला लाल. अकरा हंडे आम्ही फुलासारखे उचलून बाहेर काढले. शेवटच्या हंड्याला प्रणवनं हमालाच्या नावानं फासा टाकला, पडला एक. प्रणव म्हणाला, “तो रस्त्याच्या कडेला बसला. परत उठला नाही.” फैजान म्हणाला, चलो, ले गये एक बार, आणि आम्ही सोन्याचे वाटे घालायला बसलो. हमालाच्या पोटची पोर मी, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की पट्टा सोडून घ्यायला पाहिजे, पुन्हा कामाला येईल.

चार दिवसांनी कचरूकाका संध्याकाळी चहाला आले. ते आले की उंबऱ्यातच बसायचे, आत या म्हटलं तरी नाही, पँटीला धूळ असते म्हणायचे. आई त्यांना बशीत चहा ओतून द्यायची. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी शहाणी, पास झालेली वस्तू दाखवायला वही घेऊन आले आणि मोठ्यानं वाचली. खोडलेली ओळसुद्धा सांगितली, ती का खोडली तेही सांगितलं, हमाल रस्त्याच्या कडेला बसला तेही.

“नाव काय व्हतं त्याचं?” बाबांनी विचारलं.

“नाव नव्हतं. गोष्टीतला होता तो.”

बाबांनी मान खाली घातली. हातातला कप त्यांनी जमिनीवर ठेवला, तो कलंडला, चहा सतरंजीवर सांडला आणि कुणीच तो पुसायला उठलं नाही. आई स्टोव्हकडं तोंड करून बसली होती. तिचे हात थांबले होते. कचरूकाका मात्र हसले. बशी खाली ठेवून त्यांनी मिशी पुसली.

“लई झ्याक लिवलंस, पोरी,” ते म्हणाले. “पन येक चुकलं बघ तुजं. जोडीदाराला कळत नाय असं नसतंय. फळीवर खाली कोन आन् वर कोन, हे आंधळ्यालाबी कळतंय. त्याला पयल्या खेपंलाच कळतंय. त्यो बोलत नाय, येवढंच.”

मग कचरूकाका आईला म्हणाले, “वहिनी, चहात आज साखर विसरली का वो?” आणि आई उठली, डबा शोधायला लागली, डबा तिच्या समोरच होता.

ते निघाले तेव्हा बाबा त्यांना सोडायला नळापर्यंत गेले. खिडकी त्याच बाजूला होती, मी खिडकीतच उभी होते. बाबा म्हणाले, “कचऱ्या, उद्यापासून खाली मी.”

“गप ऱ्हा.”

“पोळ्यापासून तूच हाईस खाली. येक पाळी घेतली नाय मी.”

“मग? मुकादमाला कंबर दाखवायची का? दोन दिवसांत टोळीतून काढतील तुला. मंग पोरीचं काय करतो? तिची परीक्षा हून जाऊ दे. मंग बघू खाली-वर.”

बाबा काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. मग कचरूकाकांनी सायकल काढली आणि चढताना मोठ्यानं म्हणाले, “दामू, म्या घेतलं म्हनलं ना? मंग? तू पाय उचल.”

तेव्हा मला सगळं कळलं. मी सोळा वर्षांची होते, काही बाळ नव्हते. त्याच संध्याकाळी मी बाबांपुढं जाऊन म्हणायला पाहिजे होतं, की बाबा, सोडा ते काम, मी शाळा सोडते, नाहीतर शिकवण्या घेते, काहीही करते. मी म्हटलं नाही. मला भीती वाटली, की मी बोलले तर ते खरंच ऐकतील. मी भूमितीची खरी वही काढली आणि अभ्यासाला बसले. आता गारखेड्यातल्या माझ्या घरी भाचा संगणकावर असलेच खेळ खेळतो. त्याच्या खेळातल्या माणसाच्या पिशवीत सत्तर तलवारी आणि एक अख्खं जहाज असतं आणि तो माणूस उड्या मारत डोंगर चढतो. मी एकदा त्याला विचारलं, अरे, ह्याचं वजन जातं कुठं? तो म्हणाला, मावशी, तू पण ना!  

त्या हिवाळ्यात संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. आई तिळाच्या पोळ्यांचे उरलेले तुकडे कडक करत होती, मी शाळेतून नुकतीच आले होते. सुट्टीचा भोंगा झालेला नव्हता आणि गल्लीत टेम्पोचा आवाज आला. टोळीतले दोघं बाबांना धरून घेऊन आले. मला वाटलं बाबांनाच काही झालं. त्यांच्या अंगाला काही नव्हतं, फक्त दोन्ही हातांच्या बोटांवर पेटीच्या कडेचे वळ होते. ते खाटेवर बसले आणि आपल्या हातांकडं बघत राहिले. आलेल्यांपैकी एकानं आईला सांगितलं. कचरू खाली होता, दामू वर. कचरू ‘घेतलं’ म्हणाला. दोन पावलं चढले. मग म्हणाला, “दामू, थांब जरा,” आणि फळीच्या पायथ्याशी बसला. पेटी बाबांनी वरून एकट्यानं धरून ठेवली, बाकीचे धावत येईपर्यंत. त्याच्या अंगावर ती पडू दिली नाही. पण कचरूकाका तोवर गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदयच कमजोर होतं, घरी बसला असता तरी झालं असतं. हे वाक्य आईनं बाबांना कितीतरी वर्षं ऐकवलं. बाबा ऐकून घ्यायचे. पुढं ते एका सोसायटीत वॉचमन झाले, साधी पाण्याची घागरही त्यांनी पुन्हा उचलली नाही, कंबरेमुळं नाही, त्यांनी ठरवलंच होतं तसं.

रस्त्याच्या कडेला बसला, परत उठला नाही, हे मी प्रणवच्या तोंडून ऐकलं होतं आणि वहीत उतरवून घेतलं होतं. माझ्या लिहिण्यानं कुणी मेलं नाही हे मला कळतं. इतकी वर्षं कळतं. तरी ती वही मी गच्चीवर पुन्हा नेली नाही, आणि आमचा खेळ अकरा हंड्यांवरच संपला. फैजान दोनदा बोलवायला आला होता, मी आईला खोटं सांगायला लावलं की मी झोपलेय.

कचरूकाका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीबरोबर त्याच टेम्पोत बसून आम्ही त्यांच्या गावी गेलो. घर ओढ्याच्या अंगाला, सखल जागी होतं, रस्ता वर. तिरडी अंगणात बांधून ठेवली होती. त्यांची म्हातारी आई रडत नव्हती, येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत होती, तुमी कचरूच्या संगं व्हता का? बाबांना विचारलं तेव्हा बाबा तिच्या पायांशी बसले आणि म्हणाले, “व्हय माय. मी वर व्हतो.” तिला ते काय समजलं असणार. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

उचलायची वेळ झाली. आम्ही बायका अंगणाच्या कडेला उभ्या होतो. खांदा द्यायला टोळीतलेच पुढं झाले, कारण अंगणातून रस्त्यापर्यंत चांगलाच चढ होता आणि चढावर कसं न्यायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक. बाबा पुढं झाले आणि मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. खालच्या बाजूला.

मुकादमानं त्यांचा दंड धरला. “दामू, तू पुढं धर. नायतर ऱ्हाऊ दे. तुजी कंबर गेलीय.”

बाबांनी वळून बघितलं. “तुमाला कवापासून म्हाइत?”

“पोळ्यापासून. समद्यांनाच म्हाइत हाय. कचरूनं हात जोडले व्हते, पोरीची परीक्षा होस्तोर कुनी बोलायचं नाय म्हून.”

आठ जणांची टोळी, त्यातले सात तिथं उभे होते. बाबांखेरीज एकानंही वर बघितलं नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट, की मला वाटलं ती पडतेय. बाबांनी मुकादमाचा हात आपल्या दंडावरून हळूच काढला आणि ते वाकले. त्या दिवशी त्यांच्या कंबरेला पट्टासुद्धा नव्हता. चौघांनी उचललं. बाजूच्या तिघांनी खालून हात लावून धरलं होतं. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला, आणि सगळे थांबून राहिले. गावातलं कुणीतरी मागून म्हणालं, चला, चला, उशीर होतोय. टोळीतलं कुणी हललं नाही, पुढच्यानं पाऊल उचललं नाही, बाजूच्या तिघांनी हात सोडला नाही. बाबांनी खांदा सरकवला. कचरूकाकांचा सगळा भार त्यांनी अंगावर येऊ दिला.

मग ते म्हणाले, “घेतलं.”

आणि तेव्हा कुठं बाकीच्यांनी हात सोडले.